दोघांपुरता फ्लॉवर

धाकटीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे दादांना नेमकं दवाखान्यात आठवलं. समोर आहारबाई बसली होती आणि तिनं विचारलं होतं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच," दादा म्हणाले.

"आणखी कोण असतं घरी?"

आठवलं म्हणणंही तसं खरं नव्हतं. विसरलेली गोष्ट आठवते. हे पत्र तर स्वयंपाकाच्या ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकून उभं होतं आणि मीठ घेताना दादा ते रोज जरा बाजूला सरकवत. उत्तर राहिलं नव्हतं, त्यांनी ते राहू दिलं होतं.

"कुणी नाही," ते म्हणाले.

आहारबाईनं कागदावर कसलीशी खूण केली. वयानं पोरसवदा, चष्मा मात्र भला मोठा, आणि बोलणं असं की जणू दादांच्या पोटात जाऊन पाहून आली आहे. "साखर बरीच वाढलीय, काका. गोळी आहेच, पण खरं काम ताटात व्हायला हवं. भात अगदी थोडा, पाव बंद. भाज्या भरपूर. त्यातलं सोपं सूत्र सांगते. जमिनीच्या वर येतं ते चालेल. जमिनीच्या खाली येतं ते नाही चालणार."

दादा खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे बटाटा..."

"बटाट्याचं नावच काढू नका. का, रोज खाता?"

"खातो."

"त्याच्यासोबत काय?"

"मीठ."

आहारबाईनं पेन खाली ठेवलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून दादा म्हणाले, "बटाटा तसं पाहिलं तर मूळ नाही हो, बाई. जमिनीखाली असतो एवढंच. आहे खोडच."

"ती खोडच मोडायची आहे, काका," ती गंभीरपणे म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि ती खुदकन हसली. दादाही हसले. कुणाच्या तरी समोर बसून हसण्याची त्यांना सवय राहिली नव्हती, त्यामुळे ते थोडं जास्तच हसले आणि मग घाईनं थांबले.

"कोबी?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

"फ्लॉवर?"

"चालेल. पालक, काकडी, वांगं, भेंडी, ढोबळी मिरची, सगळं चालेल."

"मटार?"

"मटार नको."

"तो तर वेलीवर येतो. चांगला वर."

"सूत्राला अपवाद असतात. मटार नको, मका नको, लाल भोपळा जपून. आणि मुळा खाली येत असून चालतो."

"मुळ्यानं असं काय पुण्य केलंय?"

"त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही," आहारबाई म्हणाली आणि तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

दादांची उभी हयात बटाट्यात गेली होती. गावाबाहेर एक मोठं शीतगृह होतं, जाड भिंतींचं, बिनखिडक्यांचं. पोती यायची, महिनोन् महिने अंधारात गार पडून राहायची आणि भाव आला की निघायची. निघण्याआधी प्रतवारी व्हायची. ते दादांचं काम. सरकत्या पट्ट्यावरून बटाटे यायचे, दादा एकेक उचलायचे, त्यावरून अंगठा फिरवायचे आणि तीनपैकी एका राशीत टाकायचे. पहिल्या राशीचं नाव 'वरचा'. शेवटच्या राशीचं 'काढ'. आणि मधल्या, सगळ्यात मोठ्या राशीचं नाव 'चालेल'. चालेल म्हणजे देखणा नाही, पण सडलेलाही नाही. कुणी मुद्दाम मागणार नाही, पण दिला तर परतही करणार नाही. शीतगृहातली माणसं एकमेकांनाही याच मापानं मोजत. नवा हमाल कसा आहे? चालेल. मालकांचा जावई? काढ. दादांबद्दल कुणी कुणाला विचारल्याचं त्यांच्या कानावर आलं नाही. त्यांनी आपली रास स्वतःच ठरवून टाकली होती.

बारा महिने तेरा काळ अंगात स्वेटर, म्हणून तिथं त्यांना 'गारठा' म्हणत. ते नाव त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलं. जिन्यातल्या शेजाऱ्यांना ते आडनाव वाटे, आणि 'गारठेकाका' अशी हाक आली की दादाही निमूट ओ देत. चूक सुधारायची तर बराच वेळ बोलावं लागलं असतं. साखर निघाल्याचं कळलं तेव्हा शीतगृहाचा जुना मुकादम फोनवर खो खो हसला होता. "अरे गारठ्या, थंडीत फार ठेवलेला बटाटा गोड होतो, विसरलास का? तुला बाहेर काढायला उशीर झाला, दुसरं काय."

दादा हसले होते. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य बराच वेळ घरात फिरत राहिलं.

लग्नाचं राहूनच गेलं होतं. कुणी नको म्हटलं असंही नाही. आधी आईचं आजारपण, मग धाकटीचं लग्न, मग कुणी विचारायचं थांबलं. दोन खोल्यांच्या घरात दादा, वाचलेली आणि वाचायची राहिलेली पुस्तकं, रद्दीचे गठ्ठे आणि खाटेखाली बटाट्याचं पोतं. संध्याकाळी चार बटाटे उकडायचे, मीठ लावायचं आणि ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच खायचे. ताट घेतलं तर ते धुवायला लागतं. मग दिव्याखाली बसून मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं अशासाठी की दिवसभरात आवाज वापरला जावा.

धाकटी म्हणजे त्यांची एकुलती बहीण. तिनंही साठी ओलांडली होती, नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, पण दादांच्या तोंडी ती धाकटीच. तिला ऐकू कमी येई. फोन म्हणजे दोन्हीकडून नुसतं 'काय?' 'काय?', म्हणून ती पत्र लिही. या वेळचं पत्र एवढंसं होतं.

'दादा, महिनाअखेर मुलगा मला न्यायला येतोय. त्याचंही बरोबर आहे, मी एकटीनं किती दिवस काढायचे. सूनही वाईट नाही. पण तिथं माझी खाट बैठकीत लागणार आणि सगळे उठून गेल्याशिवाय मला पडता येणार नाही. मनात आलं ते लिहिते. तुझ्याकडे आले तर चालेल का? तुला ओझं होणार नाही. जमणार नसेल तर तसं लिही, राग येणार नाही. पण लिही.'

दादांनी त्याच दिवशी कागद घेतला होता. वर धाकटीला आशीर्वाद लिहिले आणि खाली लिहिलं, 'चालेल.' मग ते त्या शब्दाकडे पाहत बसले. सगळ्या आयुष्यात हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला होता की तो आता त्यांच्या अंगठ्याला लागलेला होता. बहिणीला काय म्हणून तो पाठवायचा? पण त्याऐवजी दुसरं काय लिहायचं तेही सुचेना. आणि समजा ती आलीच, तर? तिला दिसेल आपण उभ्यानं खातो ते. पहाटे खोकतो ते. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही ते. लहानपणी तिला वाटे, दादाला सगळं येतं. ते तिला अजून वाटत असेल तर तसंच राहिलेलं बरं. शिवाय मुलाकडे तिचं सगळं होईल, आपण कोण मध्ये येणारे, असाही एक शहाणा विचार त्यांनी केला आणि कागद दुमडून पुस्तकात ठेवला.

दवाखान्यातून ते सरळ मंडईत गेले. जिथं रोज नुसतं पुढून जायचे तिथं आज थांबले. भाजीवाली तोंडानं फटकळ, हातानं चपळ.

"हा फ्लॉवर," दादा म्हणाले. "अर्धा मिळेल का?"

"अर्धा?" भाजीवालीनं त्यांना नीट पाहून घेतलं. "कापलेला अर्धा मी कुणाच्या गळ्यात मारू, काका? संध्याकाळपर्यंत काळा पडतो. घ्या की अख्खा. घरात माणसं किती?"

"दोघं."

शब्द तोंडातून गेला आणि मग दादांना ऐकू आला.

"मग झालं तर. दोघांचा दोन वेळांत फडशा. काकूंना म्हणावं, आजचाच काढलेलाय."

"काकू नाही," दादा म्हणाले. निदान तेवढं तरी खरं असावं असं त्यांना वाटलं असेल. "बहीण. धाकटी."

"बरं मग, ताईंना सांगा."

दादा फ्लॉवर घेऊन घरी आले तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. एवढं उघड खोटं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. बोलायला कुणी समोर असायला लागतं, हेही खरंच.

फ्लॉवर ओट्यावर ठेवला तर त्यानं निम्मा ओटा अडवला. दादांनी साठवणीच्या धंद्यात जन्म घालवला होता, त्यामुळे त्यांना पहिल्या दिवशीच एक गोष्ट कळून चुकली. बटाटा हा एकट्या माणसाच्या सोबतीचा. एक हवा तर एक घ्या, चार हवे तर चार, उरलेले खाटेखाली तुमची वाट पाहतात. महिनाभर पाहतात. कागदावर 'चालेल' म्हणून लिहिलेली एकही भाजी वाट पाहायला तयार नव्हती. पालक संध्याकाळीच मान टाकी. काकडी पिचपिचीत होई. कोबी टिके, पण तो एवढा की माणूस संपेल, कोबी संपणार नाही. त्या सगळ्या भाज्या असं धरूनच चालल्या होत्या की घरात माणसं आहेत, ताटं मांडली जाणार आहेत, कुणीतरी कुणाला आग्रह करणार आहे. दादांनी तो पहिला फ्लॉवर एकट्यानं खाल्ला. आज खाल्ला, उद्या खाल्ला, परवा त्यावर तपकिरी ठिपके आले ते खरवडून खाल्ला आणि शेवटचा तुकडा मात्र खिडकीत उभं राहून पुष्कळ वेळ हातात धरला आणि टाकून दिला.

आता दुसऱ्या भाजीवालीकडे जावं असं त्यांनी ठरवलं होतं. पाय त्याच ठिकाणी गेले.

"या काका. ताईंना आवडला का फ्लॉवर?"

दादांनी क्षणभर विचार केला. "दांड्या कच्च्या राहिल्या म्हणाली."

"तुम्ही केला होता वाटतं?"

"हो."

"मग बरोबर बोलल्या. दांड्या आधी टाकायच्या, तुरे मागाहून. वर झाकण. पाणी ओतायचं नाही, नाहीतर खीर होते. ताईंना विचारायचं ना."

"विचारायचं म्हणजे ओरडावं लागतं. तिला कमी ऐकू येतं."

"आणि तुम्ही हे असं पुटपुटता?" भाजीवाली वजनकाट्यावर वांगी टाकत म्हणाली. "बिचाऱ्या ताई. त्यांना वाटत असेल, भाऊ दिवसभर मनातल्या मनात शिव्या देतोय."

शेजारी उभी असलेली एक बाई हसली. दादाही हसले आणि त्यांना अगदी खरोखर वाटलं की घरी गेल्यावर आता जरा मोठ्यानं बोलायला हवं.

त्या संध्याकाळी त्यांनी दांड्या आधी टाकल्या. भाजी बरी झाली. खुर्चीवरचा रद्दीचा गठ्ठा उतरवून ते ताट घेऊन बसले. पुढच्या खेपेला भाजीवालीनं विचारलं, ताई पालक कसा करतात? दादांना आठवलं, धाकटी लहानपणी पालकाची पानं निवडताना देठ चघळत बसायची. ते त्यांनी सांगितलं. कधी सांगितलं की तिला भेंडी चिकट लागते म्हणून आवडत नाही, कधी सांगितलं की ती बोलता बोलता गाणं गुणगुणते आणि सूर चुकतो ते तिला कळत नाही. यातलं काही खोटं नव्हतं. फक्त ते इथं घडत नव्हतं.

घरी सहज म्हणून त्यांनी आतली खोली आवरायला काढली. रद्दी विकली. पुस्तकं एका भिंतीला लावली. खिडकीपासून दारापर्यंत वितीनं मोजून पाहिलं, खाट बसत होती. मोजताना आपण काय करतोय हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पत्र मिठाच्या बरणीला टेकून होतं. त्याला उत्तर द्यायला आता तशी अडचण काहीच नव्हती, आणि तरी दादा कागद घेऊन बसत नव्हते. पत्र लिहिलं असतं तर तिचं उत्तर आलं असतं आणि खरं काय ते ठरून गेलं असतं. न लिहिलेल्या पत्रातून धाकटी रोज थोडी थोडी येत होती. ते मोडायला त्यांचं मन होईना.

महिना उलटला तेव्हा भाच्याचा फोन आला.

"मामा, आईला आणलं इकडे. म्हटलं तुम्हाला सांगावं."

"हो का," दादा म्हणाले. ते ओट्याशी उभे होते. "कशी आहे?"

"बरी आहे. जरा गप्प असते, पण रुळेल. घर सोडायचं म्हणजे जड जातंच ना." तो थोडा घुटमळला. "तुमच्या पत्राची वाट पाहत होती ती. मी गेलो न्यायला तरी सामान बांधेना. पोस्टमन येऊन जाऊ दे म्हणाली. तो गेला, मग म्हणाली, दादाला चालत नसेल, चला."

दादांनी मिठाच्या बरणीजवळचं पत्र जरा बाजूला सरकवलं.

"तसं काही मनावर घेऊ नका, मामा. बरंच झालं उलट. तुमच्या वयाला उगाच त्रास. तिला देऊ का फोन?"

पलीकडे खुडबुड झाली. कुणीतरी दूरदर्शनचा आवाज कमी केला. मग धाकटीचा आवाज आला, कमी ऐकणारी माणसं बोलतात तसा नको तेवढा मोठा. "दादा? जेवलास का?"

"धाकटे, तू ये इकडे," दादा म्हणाले.

"काय?"

"तू ये. चालेल."

"काय? मोठ्यानं बोल."

दादांनी छाती भरून श्वास घेतला. जिन्यातून कुणीतरी वर येत होतं, सगळं ओरडून सांगवेना. "हो," एवढंच ते मोठ्यानं म्हणाले.

"काय म्हणतोय रे हा?" धाकटीनं मुलाला विचारलं.

"हो म्हणतोय, आई."

"कशाला हो म्हणतोय?"

"जेवलास का म्हणून विचारलंस ना तू. जेवलोय म्हणतोय."

"बरं," धाकटी म्हणाली. "जेवत जा वेळेवर." आणि फोन परत भाच्याकडे गेला.

फोन ठेवल्यावर दादांनी पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं. दांड्या शिजल्या होत्या. त्यांनी तुरे टाकले, झाकण ठेवलं आणि गॅस बंद करून ते खाली उतरले. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून मंडईत गेले.

"आज काय, काका? कोबी आलाय चांगला, दोघांना पुरेल असा लहानसाच."

"एकालाच पाहिजे," दादा म्हणाले.

"का? ताई कुठं गेल्या?"

"मुलाकडे."

"कधी येणार?"

आता 'येईल चार दिवसांनी' म्हणायचं आणि सुटायचं, एवढंच होतं. चार दिवसांनी आणखी चार दिवस म्हणता आलं असतं. भाजीवालीनं विश्वास ठेवला असता, तिला न ठेवायचं काही कारण नव्हतं. दादांनी टोपलीतल्या फ्लॉवरवर हात ठेवला. "ती इथं नव्हतीच, बाई," ते म्हणाले. "मी उगाच म्हणत होतो."

भाजीवालीला ते नीट ऐकू आलं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हणजे? त्या दांड्या?"

"मीच कच्च्या ठेवल्या होत्या."

"आणि ऐकू कमी येतं ते?"

"ते खरं आहे. बहीण खरी आहे. तिनं विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी उत्तर दिलं नाही."

 भाजीवालीनं विळा घेतला, दादांच्या हाताखालचा फ्लॉवर ओढून काढला आणि मधोमध कापला. एक अर्धा काट्यावर ठेवला.

"उरलेला?" दादांनी विचारलं.

"माझ्या घरी सात तोंडं आहेत. पुरायचाही नाही." तिनं अर्धा फ्लॉवर त्यांच्या पिशवीत घातला. मग ती नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाली, "आता मागत जा अर्धा. देत जाईन."

हे तिनं मायेनं म्हटलं होतं. म्हणूनच ते दादांना इतकं लागलं. रस्त्यानं येताना पिशवी हलकी होती आणि तिच्यातलं ते पांढरं, सपाट कापलेलं तोंड त्यांना न पाहताही दिसत होतं. आता हे असंच. अर्धा मागायचा, अर्धा मिळेल, आणि कुणी काही विचारणार नाही.

घरी येऊन त्यांनी भाच्याला फोन लावला आणि पत्ता विचारला.

"कशाला मामा, फोनच करा ना. मी सांगतो तिला काय ते."

"नाही," दादा म्हणाले. "तू नको सांगूस. पत्ता सांग."

पुस्तकात दुमडून ठेवलेला कागद त्यांनी काढला. त्यावरचा 'चालेल' तसाच होता. आहारबाई तो कोबीला म्हणाली होती, वांग्याला म्हणाली होती, आणि त्यांनी स्वतः तो जन्मभर न मागितलेल्या बटाट्यांना म्हटला होता. चालेल म्हणजे अपाय नाही. चालेल म्हणजे नसलं तरी चालेल. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. बराच वेळ गेला. दादांचं अक्षर चांगलं होतं, पण स्वतःच्या मनातलं लिहायचं म्हटलं की त्यांना प्रत्येक वाक्य दुसऱ्याच कुणाचं वाटे. दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर लिहिलं ते असं.

'धाकटे, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. विसरलो नव्हतो. काय लिहावं कळत नव्हतं आणि तू आलीस तर मी कसा राहतो ते दिसेल, याची लाज वाटत होती. मी उभ्यानं जेवत होतो. आता खुर्चीवर बसतो. मला साखर झाली आहे. बटाटा बंद झाला आणि फ्लॉवर, कोबी असलं काहीबाही खायला सांगितलंय, ते एकट्याला संपत नाही. पण म्हणून बोलावतो असं नाही. आतली खोली रिकामी केली आहे. तुझी खाट खिडकीशी लागेल, सकाळी ऊन येतं, रात्री हवं तेव्हा पडता येईल. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे, त्याचा तुला त्रास व्हायचा नाही. मुलाकडे बरं वाटत असेल तर तिथंच राहा, मी मनाला लावून घेणार नाही. पण तू मला चालत नाहीस असं समजलीस, ते चूक आहे. तू इथं असावीस असं मला वाटतं. फोनवर हेच सांगत होतो. तू यावंस. दादा.'

'तू इथं असावीस' हे वाक्य खोडावं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पाकीट चिकटवून टाकलं, म्हणजे खोडता येणार नाही.

पोस्टाची पेटी चौकाच्या पलीकडे होती. दादा पोहोचले तेव्हा पोस्टमन ती उघडून बसला होता. पेटीत विशेष काही नव्हतं. दोन बँकेची पाकिटं, एक कसलासा अर्ज. त्यानं ती उचलली आणि मान वर केली.

"टाकायचंय? द्या इथंच."

दादांनी पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही. "कधी पोहोचेल?"

"बाहेरगावचं आहे ना? चार-पाच दिवस धरा. घाईचं होतं तर आधी यायचं."

"हो," दादा म्हणाले.

पोस्टमननं पिशवीचं तोंड उघडून धरलं. दादांनी आत वाकून पाहिलं आणि पाकीट बाकीच्या तिन्हींवर नीट, पत्ता वर येईल असं ठेवलं. पोस्टमन गालात हसला. त्यानं पेटीला कुलूप लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि तो पुढच्या पेटीकडे निघाला. दादा थोडं अंतर ठेवून त्याच्या मागोमाग गेले. वळणापर्यंत पिशवी दिसत होती. वळणाशी ते थांबले, कारण तिथून पुढे त्यांचं काही काम नव्हतं.